आईला चुकीचा सांगितलेला सिनेमा

चिनी राजकीय सिनेमाचा इतिहास शिकवायचा म्हणून आज तो जुना कृष्णधवल चित्रपट पुन्हा लावला, आणि परभणीतल्या कॉलेजचा तापलेल्या पत्र्यांचा हॉल आठवला. जिच्या मजुरीवर मी शिकत होते ती आई ताडकळसहून डबा घेऊन आली होती, शेजारीच बसली होती. पडद्यावर एक मजूरबाई भरसभेत जमीनदारासमोर उभी राहिली.

"काय म्हणायली गं ती?"

खालच्या इंग्रजी ओळी मला भराभर वाचता येत नव्हत्या. पण ते आईला कसं सांगणार? "माफी मागायली," मी ठोकून दिलं.

"म्हंजी तिकडंबी आपल्यावानीच हाय," म्हणत आईने मान खाली घातली.

आज ती ओळ नीट वाचली. "आता मी वाकणार नाही," असं ती बाई म्हणत होती. हे ऐकायला आई राहिली नाही.