अनोळखी इसम

गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात पहिल्याच सत्रात आम्हाला शिकवलं, की फसवणारा बोलण्यावरून ओळखता येतो. तोडकी मराठी, मध्येच हिंदी, घाई, धमकी. सायबर गुन्ह्यांचा विषय शिकवणारे सर हे इतक्या खात्रीने सांगायचे, जणू सगळे भामटे त्यांना विचारूनच फोन लावतात. विभागाने त्यावर जनजागृतीचं पत्रकही छापलं. वर ठळक अक्षरांत, 'परक्या भाषेतला फोन ताबडतोब ठेवा.' सुट्टीत मी घाट उतरून मालवणला घरी निघाले, तेव्हा त्याचा एक गठ्ठा माझ्या गळ्यात मारला. आईने त्यातलं एक फ्रिजला चिकटवलं आणि इमानेइतबारे पाळलं. हिंदीत कोणी बोललं की ती 'नाय, नाय' म्हणून फोन ठेवून द्यायची.

मग एक फोन मालवणीत आला.

तिच्या फोनवर सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं, म्हणून मी ते नंतर ऐकलं. मी बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार आहे, असं तो म्हणाला. दुसरी कोणी असती तर घाबरली असती. आईने आधी तेच विचारलं, जे आमच्याकडे कोणीही कोणालाही विचारतं.

"खंयचो रे तू?"

"देवगडचो."

देवगड म्हणजे आईचं माहेर. झालं!

"देवगडात खंय?"

"बंदराकडे."

"म्हणजे त्या बर्फवाल्यांच्या घरातलो काय?"

"होय, त्येंचोच."

"अरे, मगे मी तुझी आत्ये लागतंय!"

बर्फवाले तिने काढले, नातंही तिनेच जोडलं. त्या मेल्याने फक्त होय म्हटलं. तिथून पुढे मात्र त्याच्या तोंडी सारखं आत्ये, आत्ये. "आत्ये, मेसेजात नंबर इलो आसतलो, वाच बघया." तिने चष्मा शोधला आणि सावकाश वाचून दाखवला. फोन ठेवताना वर म्हणाली, "मे म्हयन्यात ये रे, आंबे घेवन जा." आंब्यापर्यंत थांबायची त्याला गरजच पडली नाही. खातं त्याच दुपारी रिकामं झालं.

पोलीस ठाण्यात आई ऑफिसातली, शुद्ध मराठी बोलते. त्या मराठीत तिची गोष्ट एवढीशी होऊन बाहेर पडली. हवालदाराने लिहिलं, 'अनोळखी इसमाने फोन करून.'

"अनोळखी नाही हो साहेब," आई म्हणाली. "माहेरचा होता."

हवालदार हसला. आई माझ्याकडे वळली. "तू सांग गो ह्येंका. माका तो आपलो वाटलो." मी सांगायला गेले आणि माझ्या तोंडून वर्गातले शब्द निघाले. विश्वास संपादन, लक्ष्यनिवड, पीडितेची मानसिकता. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीसुद्धा त्या टेबलापलीकडची. कागदावर अनोळखी इसमच राहिला आणि तिने सही केली.

विद्यापीठात परतल्यावर मी हेच प्रकरण चर्चासत्रात मांडलं. सरांना म्हटलं, तुमच्या पत्रकात चूक आहे, आमच्याकडे परका माणूस फसवत नाही, आपला होऊन फसवतो. रेकॉर्डिंग लावलं. 'खंयचो रे तू' ऐकताच मागच्या बाकावर खसखस पिकली, 'आंबे घेवन जा' ला तर सगळा वर्ग हसला. मालवणी कानावर पडली की घाटावरच्यांना नाटकाला बसल्यासारखं वाटतं. सरही हसले. म्हणाले, "छान उदाहरण आहे. पण आपल्याला राज्यभरचं पत्रक काढायचंय, गावठी अपवाद कुठे घालत बसू?" माझी आई त्यांच्या लेखी गावठी अपवाद. मला त्यांची चीड आली. ती अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

पैसे मिळणार नाहीत, हे आईने लवकर मान्य केलं. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीला घाबरले होते. पूर्वी एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं सासर-माहेर कणकवली यायच्या आत आईला ठाऊक असायचं. आता ती पर्स मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघते. कोणी आपणहून 'खंयचे गो तुमी?' विचारलं, तर शुद्ध मराठीत 'इथलीच' म्हणते आणि तोंड फिरवते. भामटे घरच्या माणसाचा आवाजसुद्धा हुबेहूब बनवतात, हे टीव्हीवर ऐकल्यापासून तर ती स्वतःला जास्तच आवळून घेते.

परवा माझा फोन बंद पडला. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या फोनवरून मी घरी फोन लावला.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं. ऑफिसातली मराठी.

"आये, मी गो. माझो फोन बिघडलो."

मागे आमचा मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला.

"तुम्ही कुठल्या?"

तोच प्रश्न. फक्त त्यातला रे गेला होता, गो गेला होता, ती स्वतः गेली होती.

"अगो, तुझीच मी. तुझ्याच घरातली."

"तोही असंच म्हणाला होता," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.