अफरीनने मोजलेलं तांबं

मुरुडच्या अफरीन मुकादमचं काम तिच्या मोहल्ल्यात कुणाला नीट सांगता यायचं नाही. ती समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून नेते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तिचे वडील मुश्ताकभाई कुवेतच्या बंदरात बावीस वर्षं क्रेन चालवून परत आलेले. कुणी विचारलं की ते ऐटीत सांगायचे, "दर्याची ब्लड टेस्ट करते माझी बेटी."

तसं ते फार चुकीचं नव्हतं. अफरीन समुद्राच्या पाण्याचं रसायन शिकलेली, नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत कामाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो तसं पाणी कणाकणाने आंबटाकडे झुकतं, मग शिंपल्यांना कवच बांधायला चुना अपुरा पडतो आणि तांब्यासारखे काही धातू पाण्यात जास्त मोकळे फिरतात. आपल्या किनाऱ्यावर हे कितपत होतंय, ते ती तीन वर्षं मोजत होती. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी एसटीने मुरुडला यायचं, कोळीवाड्यातल्या धर्माकाकांच्या होडीतून खाडीच्या तोंडापासून उघड्या समुद्रापर्यंत पाच ठिकाणी पाणी घ्यायचं, बर्फाच्या पेटीत घालून परत जायचं. बाटल्या आधी आठवडाभर आम्लात बुडवलेल्या असायच्या. पाण्यातला धातू इतका कमी असतो की बोट लागलं तरी आकडा बिघडतो.

धर्माकाकांची बायको नीराबाई. ओहोटीला खडकांवर जाऊन कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढायची आणि बाजारात विकायची. तिच्याबरोबर कोळीवाड्यातल्या आणखी अकरा बायका. अफरीन तिला मावशी म्हणायची, आणि दर फेरीत त्या दोघींचा चहा ठरलेला.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत, गेल्या ऑक्टोबरच्या पाण्यात, तांबं नेहमीच्या सातपट निघालं.

अफरीनने यंत्र पुन्हा चालवलं, लॅबमधलं शुद्ध पाणी तपासलं. ते स्वच्छ होतं. म्हणजे लॅबची चूक नव्हती. संस्थेतल्या तिच्या वरिष्ठ प्रणाली मॅडम म्हणाल्या, "पुन्हा पाणी घे, मग बघू. तोवर बोलू नकोस."

पण पुढच्या फेरीला ती मुरुडला उतरली, तर नीराबाई टोपलीभर कालवं घेऊन बाजाराला निघालेली. तिने नेहमीसारखं हसत विचारलं, "काय म्हनतो आमचा दर्या, अफरीन बाय?"

अफरीनला खोटं बोलवेना. त्या टोपलीतली कालवं संध्याकाळी लहान मुलांच्या ताटात जाणार होती. ती म्हणाली, "मावशी, थोडे दिवस कालवं काढू नका. पाण्यात तांबं जास्त दिसतंय. नक्की नाही अजून."

नीराबाईचा चेहरा उतरला. "नक्की न्हाय, मंग सांगतेस कशाला?"

"उद्या कुणाला काही झालं तर?"

नीराबाईने टोपली खाली ठेवली. ती तशीच घरात गेली.

संध्याकाळपर्यंत 'नक्की नाही' हे दोन शब्द गळून पडले आणि 'खाडीत विष' एवढंच गावभर उरलं. कुणी म्हणालं, वरच्या अंगाच्या कारखान्याने सोडलं. कुणी म्हणालं, जहाज बुडालंय. जवळच्या काशीदच्या हॉटेलांनी कालवं बंद केली, पाठोपाठ मासळीसुद्धा. नीराबाईच्या बायका घरी बसल्या. चार दिवसांत अफरीनकडे पाहून माना वळायला लागल्या.

ती सुट्टी काढून घरीच थांबली होती. त्या वातावरणात धर्माकाकांना होडी काढायला सांगण्याचा धीर तिला झाला नव्हता. दुपारी जेवणाला बसली, पण नुसता भात चिवडत राहिली. मुश्ताकभाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"कुवेतला कधी कधी क्रेनच्या काट्यावर भलतंच वजन दिसायचं," ते म्हणाले. "पण आम्ही आधी माल नाही उतरवायचो. आधी काटा तपासायचो."

"लॅबचा काटा तपासलाय, अब्बा."

"आणि दर्यावरचा?"

अफरीन उठली, हात धुतले आणि वही काढली. शिसं तेवढंच. जस्त किंचित जास्त. पाण्याचा आंबटपणा दरवर्षी पावसानंतर असतो तेवढाच. वाढलं होतं ते मुख्यतः तांबं, आणि तेही पाचही ठिकाणी जवळपास सारखं. हे तिला आधीच खटकायला हवं होतं. खाडीतून घाण आली असती तर खाडीच्या तोंडाशी आकडा मोठा आणि बाहेर उघड्या समुद्रात लहान दिसला असता. पाचही ठिकाणी सारखं काय होतं? बाटल्या त्याच, हातमोजे तेच, माणसं तीच. आणि होडी.

तिने धर्माकाकांना फोन लावला.

"काका, औंदा होडीला काय लावलंत?"

"रंग लावला. का गो?"

"दरवर्षी माशाचं तेल लावता ना?"

"तेल लावून लावून कंटालो. औंदा नवा तांबडा रंग आनला. बुडाला शेवाल धरत न्हाय, काय चिकटत न्हाय. झ्याक हाय एकदम."

शेवाळ धरू नये म्हणून अशा रंगात तांबंच घालतात, थोडं जस्तही. ते हळूहळू पाण्यात सुटत राहतं, आणि अफरीन त्याच होडीच्या कडेला वाकून बाटल्या भरत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही. पण पुन्हा अंदाजाने बोलायचं नाही, हे तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काशीदला गेली. तिथे वॉटर स्पोर्ट्स चालवणाऱ्या सुजितकडून तिने वल्ह्याची प्लास्टिकची कयाक मागून घेतली आणि टेम्पोत घालून त्याच्यासह मुरुडला आणली.

सुजित म्हणाला, "मॅडम, ही पर्यटकांना किनाऱ्याशी फिरवायला हो! खाडीच्या तोंडापर्यंत कुठे जाताय?"

"तू मागे बस आणि वल्हव. मी पुढे बसते."

पुढे बसून, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, लांब हाताने तिने पाचही ठिकाणचं पाणी भरलं. दोनदा कयाक कलली, एकदा ती कमरेपर्यंत भिजली, पण बाटली सोडली नाही. मग ओहोटीला खडकांवर जाऊन थोडी कालवंही काढली. पाणी त्या दिवसापुरतं सांगतं. कालवाच्या मांसात मागचे कित्येक महिने साठलेले असतात.

नवी मुंबईत तपासणीला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी प्रणाली मॅडमनी कागद तिच्यासमोर सरकवला. पाण्यातलं तांबं नेहमीइतकं. कालवातलं तीन वर्षांच्या आकड्यांच्या आतच.

"ऑक्टोबरचे आकडे खोडू का, मॅडम?"

"खोडायचे नाहीत. कारणासकट लिहून ठेवायचे. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतील."

अफरीन त्याच दिवशी मुरुडला गेली आणि थेट कोळीवाड्यात शिरली. बायका जाळी निवडत बसल्या होत्या. कुणी बस म्हटलं नाही. ती उभ्या उभ्याच बोलली. "दर्यात काही नाही. तांबं होडीच्या रंगाचं होतं. मी ते ओळखायला हवं होतं आणि त्याआधी बोलायला नको होतं. चूक माझी आहे, आणि हे मी बाजारात आणि काशीदलाही जाऊन सांगणार आहे."

धर्माकाका मागून ओरडले, "म्हंजे माझ्याच होडीनं घात केला?"

एक बाई फिसकन हसली. नीराबाई हसली नाही. जाळं बाजूला ठेवून ती उठली.

"दोन आठवडे आमी घरात बसलो," ती म्हणाली. "तू मोठी शिकलेली. तुझा शबूद लोक खरा मानतात. पयलं तपासायचं, मंग बोलायचं."

"हो, मावशी."

"आनि खरंच विष असतं तर?"

"तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असतं."

नीराबाईने पदर खोचला. मग तिने बाकीच्यांना हाक दिली, "चला गो, आज ओहोटी चांगली हाय. कोयत्या काढा." आणि अफरीनला म्हणाली, "तू पन चल. लोक इचारतील तवा तुलाच पुढं करीन."

खडकांकडे जाताना नीराबाईने विचारलं, "मंग दर्या बरा हाय ना आमचा?"

"धातूंचं काही भय नाही. आंबटपणा मात्र हळूहळू वाढतोय, सगळ्याच समुद्रांत. इथे किती, ते सांगायला तीन वर्षं थोडी आहेत."

"मंग मोजत ऱ्हा," नीराबाई म्हणाली. "पन त्या होडीतून नको."

बाजार एका दिवसात उघडला नाही. अफरीन सुजितला घेऊन काशीदच्या चार हॉटेलांत कागद दाखवत फिरली. दोघांनी लगेच मागणी दिली, एकाने आठवड्याने, चौथ्याने अजून दिलेली नाही. मुरुडच्या बाजारात मात्र पाचव्या दिवशी नीराबाईची टोपली सकाळी दहाच्या आत रिकामी झाली.

ते पाहूनच अफरीन अलिबागच्या एसटीत चढली. खिडकीला डोकं टेकलं आणि नांदगावच्या आधीच तिला झोप लागली. महिन्याभरात पहिल्यांदाच अशी गाढ. काशीद, रेवदंडा, नागाव, सगळं मागे गेलं. अलिबागच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टरने तिला हलवून उठवलं.

"ताई, उतरा. गाडी इथपर्यंतच."