त्याला त्या वळण म्हणत होत्या

"मार तिला. इथं. माझ्यासमोर."

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, हे माझ्या आईला म्हणाल्या. अख्ख्या वर्गासमोर.

आई वर्गाच्या दारात उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. तिची म्हावऱ्याची, मासळीची पाटी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायला लावलेली. शिपाई म्हणालेला, "ती घाण तिकडंच ठेव." आई बाजार अर्धा टाकून आली होती. हात लुगड्याला पुसत होती. हात कोरडेच होते, तरी पुसत होती.

इतर मुलींच्या आया शाळेत आल्या की मोठ्या बाई त्यांना 'तुम्ही' म्हणायच्या, खुर्ची द्यायच्या. माझ्या आईला 'तू'. खुर्ची नाही, उंबराही नाही.

गुन्हा माझा होता. मी 'का' विचारलं होतं.

मी तेव्हा इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं. ठाण्यातली मुलींची चांगली म्हणतात तसली शाळा. आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून त्या शाळेत गेलेली मी एकटीच. नादारीवर, म्हणजे फी माफ. माझ्या शेजारी कुंदा बसायची. तिचे वडील कचेरीत हेडक्लार्क. एक दिवस कुंदानं मी बसले तसं नाक दाबलं. मागच्या बाकानं दाबलं. मग सगळ्यांनीच. वर्गाच्या बाईंनी मुलींना काही म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "तू दाराजवळ गोणपाटावर बस."

"का?"

"वास येतो."

"मी आंघोळ करून आलेय. मग का?"

वर्ग हसला. बाई लाल झाल्या. सरळ मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी विचारलं, "हे उलट बोलणं घरनं आणलंस का?" मी म्हणाले, "हो."

खरंच घरनं आणलेलं. आमच्या घरात काहीही विचारता यायचं. आई बोंबील साफ करत बसायची, मी आणि माझा धाकटा भाऊ पांड्या समोर. खाडीचं पाणी परत का जातं? चिंबोरी आडवी का चालते? आई हातातलं काम न थांबवता उत्तर द्यायची. "पानी कनाला जातं? त्याला पन घर हाय." येत नसलं तर सरळ म्हणायची, "मना नाय ठाव. बाला विचार." बा होडीवरनं आला की आम्ही त्याच्या अंगावर चढायचो. तो दमलेला असायचा, पण ढकलायचा नाही. आमच्या घरात आवाज मोठे. हसणं मोठं, भांडण मोठं. पण हात? हात कधी कुणी कुणावर उचलला नव्हता.

आई तेच म्हणाली. दारातनंच. "बाई, मी पोरीवर कवा हात नाय उचलला."

मोठ्या बाई हसल्या. वर्गाच्या बाईंकडे बघून हसल्या. "तेच दिसतंय. तुम्हा लोकांना मुलं जन्माला घालता येतात. वाढवता येत नाहीत. जनावरंसुद्धा पिलांना वळण लावतात." मग आवाज चढवला. "मार तिला. नाहीतर हिची नादारी आजच बंद. घेऊन जा तुझ्याबरोबर बाजारात."

आई आत आली. पहिल्यांदा वर्गात आली ती अशी. तिनं मला मारलं. गालावर. हलकं.

"हे काय मारणं झालं? नीट मार."

दुसऱ्यांदा आवाज झाला.

मी रडले नाही. आईकडे बघत राहिले. आई माझ्याकडे बघेना. ती फळ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

ती गेली. फाटकाबाहेर तिनं पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि परत बाजारात गेली. मी गोणपाटावर बसले. पुढचा तास भूगोलाचा होता.

अपमान एवढाच असता तर मी आज सांगत बसले नसते. असले अपमान आमच्या लोकांनी ताकासारखे प्यायलेत. हा अपमान घरी आला. आमच्यात राहायला आला.

आईला मोठ्या बाईंचं पटलं. बाजारात कुणी तिला एक शब्द जास्त बोललं तर ती दहा ऐकवायची. पण इथं तिला वाटलं, ही बाई शिकलेली. हिच्या शाळेतली पोरं साहेबांच्या घरात जातात. ही खोटं कशाला बोलेल? त्या रात्री जेवताना ती बाला म्हणाली, "आपलंच चुकलं. आपुन पोरांना मोकाट सोडलं."

बा म्हणाला, "पोरं चांगली हायत."

"तुला कं कलतं? तू शालंत गेलास?"

बा गप्प झाला. तोही शाळेत गेला नव्हता. शिकलेल्यांच्या पुढं आमची माणसं अशी गप्प होतात. आपल्याच पोरांच्या बाबतीतसुद्धा.

घरात काठी आली. बांबूची, बारीक. चुलीमागं उभी असायची. सांडलं की काठी. उशीर झाला की काठी. उलट बोललं की दोन. आई मारायची आणि मारताना तिचाच चेहरा वाकडा व्हायचा. पण थांबायची नाही. आमचं भलं करत होती. मोठ्या बाईंनी शिकवलेलं भलं.

घर शांत झालं. शेजारीण म्हणाली, "पोरं लय गुनी झाली गं तुझी."

गुणी! पांड्या सहा वर्षांचा होता. रात्री अंथरुणात ओलं करायला लागला. मग ते लपवायला लागला. नखं खाऊन बोटं लाल केलेली. आईची चाहूल लागली की जाळ्यांच्या ढिगामागं जायचा. एकदा मी त्याला विचारलं, "काय केलंस रे?" तो म्हणाला, "काय नाय केलं." काही न करताच लपत होता.

आणि मी. मी शाळेत विचारणं सोडलं. अपूर्णांक मला कळले नाहीत. एक शब्द विचारला असता तर कळले असते. नाही विचारलं. मान खाली घालून बसायचे. वर्गाच्या बाई खूश. "आता वळण लागलं हो हिला." माझ्या डोक्यात काळोख झालेला आणि त्या त्याला वळण म्हणत होत्या.

एक दिवस मधल्या सुट्टीत मी नळावर पाणी प्यायला गेले. कुंदा तिथं एकटी उभी होती. हात पाण्याखाली धरून. दंडावर वळ होते, निळे. पट्टीचे. मला बघून तिनं बाही खाली ओढली.

"कोणी मारलं?"

"दादांनी. पाढा चुकला." वडिलांना ती दादा म्हणायची.

"रोज मारतात?"

ती म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझी आई तर हळूच मारत होती."

मी तिथंच उभी राहिले. तोपर्यंत मला वाटायचं, त्यांच्या घरात काहीतरी आहे जे आमच्या घरात नाही. ते हेच होतं. पट्टी. कचेरीतल्या माणसाची पट्टी आणि आमची बांबूची काठी, एकच गोष्ट. फरक एवढाच की त्यांच्या पट्टीला संस्कार म्हणत होते आणि आमच्या मायेला अडाणीपणा. कुंदानं त्यानंतर कधी नाक दाबलं नाही. पण शेजारी येऊन बसलीही नाही.

मग पांड्याचा पाय.

ओहोटी लागली की कोळीवाड्यातली पोरं चिखलात निवट्या, ते उड्या मारणारे मासे, पकडायला जायची. आईनं मना केलेलं. पांड्या गेला. चिखलातल्या कालवाच्या शिंपीनं तळपाय कापला, टाचेजवळ, खोल. आधीचा पांड्या बोंबलत घरी आला असता. आईनं हळद दाबली असती, शिव्या दिल्या असत्या, मांडीवर घेतलं असतं. हा पांड्या खाडीच्या पाण्यात पाय धुऊन आला, चिंधी बांधली आणि गप्प बसला. लंगडतोस का रे विचारलं तर म्हणाला, "खेळताना मुरगळला."

त्यानं ते लपवलं. सहा वर्षांच्या पोरानं. दुखणं गिळलं. मलाही सांगितलं नाही.

त्याला ताप भरला तेव्हा आईनं चिंधी सोडली. पाय काळानिळा, सुजलेला, वास मारत होता. बानं त्याला खांद्यावर टाकलं आणि सरकारी दवाखान्यात पळत नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण हाडाला लागलंय, टाच सरळ राहणार नाही. लवकर का नाही आणलंत?

आई खाटेजवळ बसली. "मना कनाला नाय सांगितलंस रं, पोरा?"

पांड्या म्हणाला, "तू मारशील."

आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बा तिच्या मागोमाग गेला. ती त्याला म्हणाली, "माझे पोरानं माझेपासनं पाय लपवला." पुन्हा तेच म्हणाली. घरी आल्यावर बानं चुलीमागची काठी काढली आणि चुलीत घातली. आई बघत होती. तिनं थांबवलं नाही.

त्याच थंडीत शाळेत पालकसभा झाली. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या आईलाही आण. चांगलं लुगडं नेसून यायला सांग." मला दोन वाक्यं पाठ करायला दिली. "आईने मला शिस्त लावली. बाईंनी तिला मार्ग दाखवला." एवढंच म्हणायचं आणि नमस्कार करायचा.

सभेला गावातली मोठी माणसं आलेली. वकील, डॉक्टर, कचेरीतले साहेब, त्यांच्या बायका. विषय होता मुलांचं संगोपन. मोठ्या बाई छान बोलल्या. मूल म्हणजे मऊ माती, आई म्हणजे कुंभार, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. आई सगळ्यात मागं उभी होती, कडेवर पांड्या. त्याच्या पायाला पट्टी.

मग त्यांनी मला वर बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. "ही मुलगी कोळीवाड्यातली. आली तेव्हा रानटी होती. आम्ही हिच्या आईला समज दिली. आज बघा, वर्गात हिचा आवाजसुद्धा येत नाही. अशा समाजातल्या मुलांनाही वळण लागू शकतं. बाळ, सांग, तुझ्यात हा बदल कशामुळे झाला?"

ती दोन वाक्यं माझ्या तोंडात होती. मी आईकडे बघितलं. आई मान खाली घालून उभी होती. पांड्या मात्र माझ्याकडे बघत होता. मी स्टेजवर आहे याचं त्याला कौतुक वाटत होतं.

मी म्हणाले, "मला वळण लागलं नाही. मला भीती बसली."

मोठ्या बाईंचा हात खांद्यावर घट्ट झाला.

"बाईंनी माझ्या आईला मला मारायला लावलं. वर्गात. तोपर्यंत आमच्या घरात कुणी मारत नव्हतं. मग आई मारायला लागली. भावाचा पाय कापला, त्यानं भीतीनं लपवला. तो आता लंगडा राहणार. मला अपूर्णांक येत नाहीत. मी गप्प बसते ती विचारायची भीती वाटते म्हणून."

आवाज फाटला होता माझा. बरेच महिने वापरला नव्हता.

समोरची एक बाई पदर तोंडाला लावून बसली. मोठ्या बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, पाहुणे होते. त्या मागं बघून आईला म्हणाल्या, "ऐकलंस मुलगी काय बोलली? तिला सांग, सगळ्यांची माफी माग म्हणून."

आई पुढं आली. खुर्च्यांच्या मधून. लोक पाय आखडून घेत होते. ती स्टेजखाली येऊन थांबली.

"माफी नाय मागायची ती. खरं बोलली."

"तुला कळतंय का तू काय करतेयस?"

"कलतंय. तवा नाय कललं." आईनं पांड्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाई, लिवनं-वाचनं तुमचं. पोरं माझी. पोरी, खाली ये."

मी खाली आले. आम्ही मधूनच चालत बाहेर पडलो.

शाळेनं दाखला हातात दिला. कारण लिहिलं, वर्तणूक. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत गेले. इंग्रजी सुटलं, दोन वर्षं मागं पडले. कोळीवाड्यातही काही जण म्हणाले, तोंडाळ पोर, हातचं घालवलं. म्हणू देत. अपूर्णांक मला तिथं एका मास्तरांनी शिकवले. मी अकरा वेळा तरी विचारलं असेल. ते अकरा वेळा सांगत राहिले.

पण सगळं काही भरून आलं असं म्हणणार नाही. पांड्या आजही टाच उचलून चालतो. होडीवर त्याचा तोल जातो, म्हणून बाच्या मागं त्याला होडी घेता आली नाही. काठी जळली तरी कितीतरी दिवस आई अंबाडा बांधायला हात वर करायची आणि पांड्या डोकं झाकायचा. आई हात तसाच वर धरून थांबायची. तिनं आयुष्यभर स्वतःला माफ केलं नाही. मोठ्या बाईंना मी केलेलं नाही. करणारही नाही.

आता मी कल्याणला प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे पोरांना सोडायला येणारे आईबाप हात जोडून म्हणतात, "बाई, हाडं आमची, कातडं तुमचं." मी त्यांना सांगते, कातडंही तुमचंच आहे, घरी न्या, जपा. पोराशी बोला. तो विचारील ते ऐका. नसेल येत तर येत नाही म्हणा, त्यानं आईबाप लहान होत नाहीत. काही हसतात. काही पुन्हा येऊन बसतात, विचारतात.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरांनी माझ्या टेबलावर छडी आणून ठेवली. म्हणाले, "तुमचा वर्ग फार बोलतो. तक्रारी येतात. आवरा, नाहीतर वर कळवावं लागेल. बदली होईल."

मी छडी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "कळवा."

जिथं पाठवतील तिथं जाईन. तिथल्या वर्गातही पोरं बोलतील.