कपाशीतली काकूंची ओळ

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सौंसरच्या शाळेत शिकले, पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकले आणि आता आपल्याच भागातल्या बायांच्या आहारावर संशोधन करते. अजूनही कधीकधी खरं वाटत नाही.

काम साधं वाटलं होतं. घरोघरी जाऊन बाईला विचारायचं, काल दिवसभरात काय खाल्लं? सराव म्हणून पहिला फॉर्म आईचा भरला. "सगळ्यायनं खाल्लं तेच," ती म्हणाली. मी लिहिलं: पोळी, तुरीचं वरण, चहा. मग बोरगावच्या घराघरांतून तेच उत्तर आलं. शेतात काय पेरलं, ते पुरुष सांगत: कपाशी, तूर. फॉर्मांचा गठ्ठा सोमवारी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे द्यायचा होता.

शनिवारी एका काकूंची सही राहिली म्हणून त्यांच्या वावरात गेले. निंदण चालू होतं. बाया कपाशीतल्या एका ओळीपाशी आल्या आणि खुरप्याचा हात थांबला. तिथं बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, कोवळ्या शेंगा होत्या, बोटाएवढ्या काकड्या होत्या. तोडायच्या, पदराला पुसायच्या, तोंडात टाकायच्या.

"काकू, काल पण खाल्लं हे?"

"रोजच खातो."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तू जेवणाचं विचारून राहिली होती ना वं! हे काय जेवण हाय? उभ्यानं तोंडात टाकलं."

"एवढी शिकली पोट्टी," बाजूची बाई हसली, "अन् बायांचं खाणं घरात पाहून राहिली!"

ती ओळ काकूंची होती. पेरणीच्या दिवशी घरचे सरकी लावत जातात, मागून काकू बरबटी, काकडी, अंबाडीचं बी टाकत जातात. आधी काय येईल, मग काय, हे त्यांना पक्कं ठाऊक. निंदताना घोळाची भाजी त्या उपटून फेकत नाहीत, ओच्यात घेतात. बी राखेत ठेवायचं, हे सासूनं शिकवलेलं. मी परीक्षेसाठी पोषणाचे जे तक्ते पाठ केले, ते या शाळेत न गेलेल्या बाईनं मातीत पेरून ठेवले होते. मी खुळ्यासारखी पाहत राहिले.

म्हणजे माझा गठ्ठा चुकला होता. तसाच दिला असता तर कोणाला कळलं नसतं. सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. "पुन्हा भर. मुदत वाढवून घेऊ आपण."

सुरुवात घरापासून केली.

"आई, काल उभ्यानं काय काय खाल्लं?"

आई आधी लाजली. मग भाजी निवडता निवडता सांगू लागली. तिचं सांगून होईना, आणि फॉर्मात जागा उरली नाही. मी पान उलटलं.