पार्वतम्माची फेरी

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टरच्या आधी मिजास चढली ती पार्वतम्माला. गल्ली तीच, घर तेच, नवरा मडिवाळप्पा डाळीच्या मिलमधून संध्याकाळी पिवळा होऊन घरी यायचा, तोही तसाच. पण बाई आता जिल्ह्याच्या ठिकाणी नांदत होती. शेजारची धोंडाबाई म्हणायची, "पार्वतम्मा, कलेक्टरसायबाला भाकरी तूच थापतीस की काय गं?"

जिल्हा झाला आणि मागोमाग पावसानं पाठ फिरवली. खेड्यातल्या विहिरींनी तळ दाखवला आणि सगळ्या गोतावळ्याला अचानक शहर बघायची हौस सुटली. हौस कसली! चार दिवस कुणाच्या तरी चुलीवर निघावेत, एवढंच. लेकरंबाळं घेऊन माणसं पार्वतम्माच्या दारात उतरत. घरात दोन खोल्या, नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. आणि पाहुण्याला जा म्हणावं तर नाक कापलं जातं.

त्यावर बाईनं तोड काढली. तिचं नाव गोतावळ्यातच पडलं, पार्वतम्माची फेरी.

सकाळी उठून पाहुण्यांना पिशव्यांसकट बाहेर काढायचं. "उगं परत कशाला यायचं, ओझं हातातच असू द्या." आधी सिद्धेश्वराचं दर्शन. मग गोलाई. तिथं लेकरांना म्हणायचं, "सोळा रस्ते हाईत, मोजा बघू." लेकरं गोल फिरून फिरून चक्रावत आणि भूक विसरत. मग ठेसनावर जाऊन मिरजेची लहानी रेल्वे. मग नवी कचेरी. कचेरीत लेकरांनी काय बघायचं? पण पार्वतम्मा जिना दाखवायची, "ह्याच्यावरून सायब चढतो." मग नगरपालिकेची बाग, आणि बागेतून थेट एसटी स्टँड. गोडी शेवेचा पुडा लेकरांच्या हातात, पिशव्या खिडकीतून आत. एका हातानं पिशवी ढकलत तोंडानं म्हणायचं, "आजची रात ऱ्हायला असतात तर! मन भरलं न्हाई बघा." गाडी हलली की बाई पदरानं घाम पुसत घरी. पाहुण्याला वाईट वाटत नसे आणि मडक्यातलं पाणीही वाचे. कंडक्टरलोकही तिला ओळखायला लागले होते.

आता अशी हुशार बाई कुणाला पोटाशी धरून रडली असेल असं वाटणार नाही. पण तिला मूलबाळ नव्हतं. मडिवाळप्पानं कधी त्यावरून शब्द काढला नाही, हेच तिला जास्त लागायचं. आणि भोकरकडं तिच्या धाकट्या भावाची, बसवंतची, थोरली पोरगी गौरम्मा आठ-नऊ वर्षांची झाली होती. डोळे थेट आत्याचे. पार्वतम्मानं मनातल्या मनात त्या पोरीच्या किती वेण्या घातल्या असतील, त्याची गणती नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी बसवंत दारात उभा. बरोबर एकटी गौरम्मा. बायको आणि दोन धाकटी गावाकडंच होती. बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

"अक्का, पोरीला लातूर दाखवावं म्हणलं."

पार्वतम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण तिची नजर पोरीवरच. भोकरच्या माणसाला शहर म्हणजे नांदेड. गुरुद्वारा आहे, गोदावरी आहे, लंगरात पोटभर जेवायला मिळतं. ते सोडून, सगळी रात एसटीत काढून हा लातूरला पोर कशाला आणेल? आणि तीही एकटीच?

आत चुलीपाशी तिनं नवऱ्याला गाठलं. "अवं, पोरीला ठिवायला आलाय तो."

"मग इचार की सरळ. मला काय, आनंदच हाय."

"मी कशी इचारू? त्यानं काढावा की विषय."

"येडी का गं तू? बाप कधी म्हणतो का, माझं लेकरू ठेवून घे म्हणून? मागणाऱ्यानं पदर पसरावा लागतो."

रीत तशीच होती. पोर द्यायची तर घेणारीनं पदर पसरून मागायची, देणाऱ्यानं थोडे आढेवेढे घ्यायचे, मग पोरीच्या तोंडात साखर घालायची. बापानं आपणहून दिली तर त्याचा अर्थ एकच, याला लेकराला खाऊ घालणं होत नाही. बसवंत उपाशी मेला असता, पण तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला नसता. आणि पार्वतम्माला भीती ही, की मागितलं आणि तो 'न्हाई' म्हणाला, तर हा दरवाजाही कायमचा बंद. म्हणजे दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले आणि मधे ती पोर गूळ-शेंगदाणे खात राहिली.

"चला, फेरीला जाऊ," पार्वतम्मा शेवटी म्हणाली. शहर पाहून पोरगी हरखली की विषय निघेल, असं तिनं ठरवलं. पिशवीचं नावही काढलं नाही.

त्या दिवशीसारखं लातूर तिनं कुणालाच दाखवलं नसेल. गोलाईत पोरीला हिरव्या बांगड्या भरल्या. ठेसनावर लहान्या रेल्वेचं इंजिन शिट्टी देईपर्यंत उन्हात उभी राहिली. कचेरीच्या जिन्यावर तर पोरीला चढायला लावलं. "इथं शाळा बी चांगल्या हाईत हं," ती भावाला ऐकू जाईल असं म्हणाली.

"हाव, असतील की," बसवंत म्हणाला आणि चपलेतला खडा काढत बसला.

"तुला आवडलं का गं इथं?"

गौरम्मानं बापाकडं बघितलं. "आत्या, इथं पानी येतं का?"

"येतं तर! रोज येतं," पार्वतम्मा धडधडीत खोटं बोलली.

बागेत विषय काढायचा, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण बागेतलं कारंजं कोरडं ठक्क. हौदात वाळकी पानं, आणि एकुलत्या नळाशी घागरींची ही रांग लागलेली. पोरगी रांगेकडं टक लावून बघत राहिली. पार्वतम्माचा धीर सुटला. इथं नको, घरी जाऊन चुलीपुढं बसून मागू. पदर कसा धरायचा, पहिला शब्द कोणता काढायचा, हे घोकत ती चालायला लागली. मागं बाप-लेक. घोकण्याच्या नादात पाय आपले रोजच्या वाटेनं निघाले, आणि बाई भानावर आली ती गाडीचा भोंगा कानाशी वाजला तेव्हा.

समोर स्टँड, आणि नांदेडची गाडी लागलेली.

"या मावशी!" ओळखीचा कंडक्टर ओरडला. "आज पाव्हणे कमीच दिसून राहिले? बसा हो पाव्हणं, जागा हाय. मावशीचे पाव्हणे म्हंजे आमचं ठरलेलं गिऱ्हाईक!"

आजूबाजूची माणसं हसली. बसवंतनं गाडीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. फेरी कुठं संपते हे भोकरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"बरं अक्का," तो म्हणाला. "निघतो मग."

"अरे थांब की! आजची रात तरी ऱ्हा. मन भरलं न्हाई बघ माझं."

जन्मात पहिल्यांदा ती हे खरं बोलत होती. पण शब्द तेच, जागा तीच. बसवंत कसनुसं हसला. "म्हणतीसच तू." त्यानं पोरीला उचलून पायरीवर ठेवलं. पार्वतम्माच्या ओठांवर आलेलं मागणं त्या हसणाऱ्या माणसांसमोर घशातच राहिलं. गाडी गेली. त्या दिवशी शेवेचा पुडाही द्यायचा राहिला.

घरी आली तर मडिवाळप्पा हातात गाठोडं घेऊन बसलेला. कणगीमागं लपवलेलं सापडलं म्हणाला. दोन परकर, पोलकी, पाटी, लग्नात घालायचा जरीचा झगा. पोरीचं होतं नव्हतं ते सगळं. एका दिवसाच्या फेरीला कुणी एवढे कपडे आणत नाही.

"आता तरी जा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन पहिल्या गाडीनं ती नांदेडवरून भावाच्या गावी पोचली. पोरगी घरी नव्हती. बसवंत खाली मान घालून म्हणाला, "काल येतानाच उमरीला सोडली. तिच्या मावशीकडं. लक्ष्मम्मानं लई दिवसांखाली मागितली व्हती." आणि तांब्या तिच्यापुढं ठेवत, "मी आधी तुझ्याकडं आलतो, अक्का."

पार्वतम्मा तशीच उमरीला गेली. लक्ष्मम्माच्या अंगणात, शेजारणींच्या देखत, तिनं पदर पसरला. कालपासून घोकलेलं सगळं बोलली.

लक्ष्मम्मा वाईट बाई नव्हती. तिनं तिला हाताला धरून बसवलं. "बाई, काल रातीच पोरीच्या तोंडात साखर घातली मी. सकाळी स्वामी बी येऊन तिला इभूत लावून गेले. आता मागू नये."

दारात गौरम्मा उभी होती. अंगावर कुणाचं तरी ढगळ पोलकं, बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. आत्याच्या हातून गाठोडं घेऊन ती आत गेली आणि बाहेर आली ती स्वतःच्या परकरात.

"पाया पड आत्याच्या," लक्ष्मम्मा म्हणाली.

पोरगी वाकली.