ब्रेकच्या लाइटचे बल्ब

आमच्या गाडीचे ब्रेकचे लाइट लागत नाहीत हे मला एका दूधवाल्याने सांगितलं, तेही त्याच्या मोटरसायकलचं चाक आमच्या डिक्कीला टेकल्यावर. नेर गावात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी ब्रेक मारला आणि मागून धप्प झालं. उतरले तर तो एका हाताने कॅन सांभाळत उभा.

"मॅडम, मांगचा लाइट तं पाहा! तुमी थांबल्या हे मले कसं समजन?"

भांडणात मी कुणाला ऐकत नाही, मी शिकवते त्या शाळेत कुणालाही विचारा. पण माणूस खरं बोलत होता आणि माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. मी त्यालाच 'सांभाळून जा' म्हटलं आणि घरी आले.

त्राण कुठून असणार? गेल्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, हात हळूहळू आला, पाय मागे राहिला. काठीने घरात फिरू लागले, पण पाऊल फरफटत यायचं. सकाळचा स्वयंपाक, ह्यांची आंघोळ, माझी शाळा आणि आठवड्यातून तीनदा यवतमाळला ह्यांना व्यायामासाठी नेणं, सगळं माझ्याच गळ्यात. गाडी मी चाळिशीनंतर शिकले. अजूनही यवतमाळहून परत येईपर्यंत माझी मान लाकडासारखी होते. त्यात ही वीस वर्षांची गाडी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

ह्यांचं मात्र एकच पालुपद होतं. "पाय आला आता. सोमवारपासून मीच चालवतो." डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई नको. घाई मला झाली होती, खोटं कशाला बोलू! ह्यांनी गाडी चालवावी आणि मी एकदा तरी शेजारी बसून डोळे मिटावेत, एवढीच माझी हाव होती. त्यामुळे 'पाय आला' असं हे म्हणायचे तेव्हा मी काही उलट बोलायची नाही. उलट शेजारणींना मीच सांगायची, ह्यांचा पाय आला म्हणून.

रविवारी दुपारी मी डिक्की उघडून दोन्ही बाजूंचे बल्ब काढले. दोन्हींच्या काचा आतून काळ्या पडल्या होत्या. पहिला केव्हा गेला देव जाणे. दुसरा होता तोवर त्याने एकट्याने निभावलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. मी बल्ब रुमालात बांधून दुकानात गेले.

दुकानदाराने जुना बल्ब चिमटीत फिरवून पाहिला. "डबल काँटॅक्टचा आहे. आत दोन तारा असतात. मंद तार रातच्या लाइटची, जोराची तार ब्रेकची." मग त्याने काउंटरवर तीन जातींचे बल्ब मांडले. एक साधा हलका, एक साधा चांगला, एक एलईडी. "एलईडी न्या मॅडम, जिंदगीभर पाहा लागत नाही. फक्त लाल न्या. मांगची काच लाल आहे, पांढरा लावला तं गुलाबी दिसते."

मी मनात म्हटलं, या गाडीचीच जिंदगी किती उरली आहे! साधे चांगले दोन घेतले. त्याच्या दुकानात पाटी आहे, इलेक्ट्रिकचा माल परत होणार नाही. म्हणून प्रत्येक बल्ब तो काउंटरखालच्या बॅटरीला लावून दोन्ही तारा पेटवून दाखवतो आणि 'पाहून घ्या' म्हणतो. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, साखरेचा डबा कुठे आहे विचारायला. मी न बघताच 'हो, हो' म्हटलं.

घरी येऊन बल्ब बसवले. आमची गाडी अंगणात उभी असते, पाठ कुंपणाच्या भिंतीकडे करून. रात्रीचे लाइट लावून पाहिले, लागले. ते बंद केले. ब्रेकच्या लाइटला मात्र दोन माणसं लागतात, एक आत पायडल दाबायला आणि एक मागे बघायला. हे न सांगताच उठले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसले. मी आधार द्यायला गेले तर हात झटकला. चेहरा असा खुलला होता की मलाही बरं वाटलं.

मी मागे उभी राहिले. "दाबा बरं."

"दाबला."

लाइट नाही.

"जोरात दाबा!"

"दाबून राह्यलो ना! तुह्या बल्बातच खोट आहे."

मी डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे करून पाहिला. काही नाही. "त्यानं तुले गंडवलं," हे म्हणाले. "बाईमाणूस पाहून जुना माल देला." झालं, माझं डोकं फिरलं. दुकानदार बल्ब दाखवत होता तेव्हा मी पाहिलं नव्हतं, ही माझीच चूक, म्हणून राग आणखीच वाढला. तशीच पुन्हा दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने दोन्ही बल्ब बॅटरीला लावले. दोन्ही लख्ख पेटले. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी तरीही हट्टाने दोन लाल एलईडी घेऊन आले.

तेही लागेनात.

एव्हाना ऊन कुंपणाच्या भिंतीवरून उतरलं होतं. कमरेचा काटा ढिला झाला होता. लाज गुंडाळून ठेवून मी बिलावरच्या नंबरवर दुकानदाराला फोन केला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "पायडलच्या वर एक लहान स्विच असते, मॅडम. ते अटकलं असन. पायडल दाबाले सांगा अन् वाकून पाहा, दांडी बाहेर येते का."

मी ड्रायव्हरच्या दारातून आत वाकले, ह्यांच्या गुडघ्याखाली डोकं घातलं. "दाबा."

ह्यांनी दाबला. दात आवळले, मांडी ताठ झाली, स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली. पायडल जागचं हललं नाही. ह्यांचं पाऊल पायडलवर नव्हतंच. ते वीतभर बाजूला मॅटवर होतं आणि चपलेचं टोक मॅटमध्ये रुतलं होतं.

"दाबला," हे म्हणाले.

हा माणूस खोटं बोलत नव्हता. पाऊल कुठे आहे हे त्यालाच कळत नव्हतं. मला आधी संतापच आला, स्वतःचा. दुकानाच्या दोन खेपा घातल्या, भल्या माणसाला बोल लावले, आणि या पायाकडे एकदा बघायची माझी हिंमत झाली नव्हती. बल्ब खराब निघावा हे मलाच हवं होतं.

मी हाताने पायडल दाबलं.

"लागला!" हे वरून ओरडले. "आरशात पाह्य, भिंत लाल झाली! मी काय म्हणून राह्यलो होतो? सोमवारी मीच नेतो गाडी."

मी तशीच वाकून राहिले, पायडलवर हात दाबून. हात काढायची इच्छा होत नव्हती. इतका आनंद मी ह्यांच्या आवाजात उन्हाळ्यानंतर ऐकला नव्हता. पण सोमवारी रस्त्यावर हा हात कुठून येणार होता? मी तो काढला.

"गेला," हे म्हणाले. मग, "मी तं सोडला नाही."

मी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. हे हळूहळू खाली वाकले. आधी माझा हात पाहिला, मग आपला पाय.

"काहून नाही सांगितलं?"

"मलेही आताच दिसलं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हे रडले नाहीत. दोन्ही हातांनी मांडी धरून त्यांनी तो पाय उचलला, दाराबाहेर ठेवला आणि काठी मागितली. मग गाडीच्या टपाला हात लावत लावत मागे गेले.

"बस तू. दाब."

मी बसले, डोळे पुसले आणि ब्रेक दाबला. आरशात लाल झालेल्या भिंतीपुढे हे काठीवर उभे होते. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"दोन्ही लागले," हे म्हणाले. "सोमवारी तूच ने मले."