शेळ्यांच्या पाठीवरचे काळ

फ्रेंच का घेतलंस, असं कुणी विचारलं की पॅरिसबिरिसचं काहीतरी भारी कारण द्यावंसं वाटतं. खरं कारण एसटी. संस्कृतचा तास सकाळी सातला, आणि पिरंगुटच्या फाट्यावर आमची पहिली गाडीच साडेसातला यायची. तीसुद्धा आली तर! फ्रेंचचा तास अकराला होता, म्हणून लवळ्याच्या डोंगराकडेला शेळ्या राखणाऱ्या घरातली मी पोरगी फ्रेंच शिकायला बसले. आणि काय सांगू, त्या भाषेनं मला पार येडं केलं.

नाव घालतानाच आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, अट घातली होती. "शेळ्यांच्या कामात खोट आली की कालेज बंद. मग रडायचं न्हाई." मी मान डोलवली. कॉलेजला जायला मिळतंय म्हटल्यावर मी कशालाही मान डोलवली असती.

दुसऱ्या वर्षाला बाईंनी काळांची जुळणी काढली आणि आख्खा वर्ग आडवा झाला. वाक्याचा पहिला तुकडा वर्तमानात असेल तर दुसऱ्यात भविष्य चालतं. पण पहिला भूतकाळात गेला, की दुसऱ्यालाही आपलं रूप बदलून त्याच्या मागं जावं लागतं. आपल्याकडं असली भानगडच नाही. "तो म्हणाला, मी येतो," झालं काम! तिथं 'म्हणाला'पायी बिचाऱ्या 'येतो'ची फरफट. तोंडी परीक्षा तीन दिवसांवर आली होती आणि माझ्या डोक्यात नुसता काला झाला होता.

सोमवारी संध्याकाळी शेळ्या रानातून आल्या. डालग्याखाली कोंडलेली करडं सोडायचं काम माझं. डालगं उचललं की एकच गलका, पण प्रत्येक करडू बरोबर आपल्याच आईला जाऊन लुचतं. चुकलं तर शेळी लाथ घालते. मी बघतच राहिले. अगं बाई! हीच की जुळणी! शेळी म्हणजे पहिलं क्रियापद, करडू म्हणजे दुसरं. ज्याचं त्यालाच लागू पडतं!

मला धीर कुठला? चुलीमागं गेरूचा डबा होता. तो उचलला आणि चार शेळ्यांच्या पाठीवर एकेक पट्टा ओढला, त्या वर्तमानकाळ. दुसऱ्या चारींवर दोन-दोन पट्टे, त्या भूतकाळ. करडांनाही तसंच रंगवलं, आणि एकेकाला सोडताना मोठ्यानं क्रियापदाची रूपं म्हणू लागले. आई दारातून म्हणाली, "लागीर झालं का काय हिला!" पण गंमत अशी, की तासाभरात सगळं पाठ. मी शेळ्यांच्या वाडग्यात अक्षरशः नाचले.

तो गेरू तिथं कशापायी होता, याचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नाही. अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती. आदल्याच दिवशी पौडच्या बाजारातले व्यापारी चाचा येऊन आमचे तीन बोकड पसंत करून गेले होते. पसंत केलेल्या जनावराच्या पाठीवर ते त्याच डब्यातल्या गेरूचा एक पट्टा ओढत आणि दोन दिवसांनी येऊन घेऊन जात. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं, एक पट्टा म्हणजे जनावर चाचांचं. मलाही ठाऊक होतं की!

मंगळवारी मी कॉलेजला, आप्पा पाहुण्यांकडं मुठ्याला. चाचा आले आणि एका पट्ट्याची सगळी जनावरं टेम्पोत घालून गेले. आईला वाटलं, आणि चाचांनाही, की आप्पांनीच मागाहून वाढवून दिली असतील. संध्याकाळी मी घरी आले तर तीन बोकड गेलेले आणि त्यांच्याबरोबर माझा आख्खा वर्तमानकाळ पौडाला गेलेला! करडं तेवढी डालग्याखाली होती म्हणून मागं राहिली, ती ओरडून ओरडून बेजार. मी त्यांना दुसऱ्या शेळ्यांना लावून बघितलं, तर त्या कुठल्या जवळ घेतायत? लाथाडलंच त्यांनी.

आप्पा आले. करडांकडं बघितलं, माझ्या हातावरचा गेरू बघितला.

"झालं तुझं कालेज," एवढंच म्हणाले.

परीक्षा गुरुवारी होती. ओरडले असते, मारलं असतं, तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी आम्ही दोघं पौडाला गेलो. चाचांच्या गोठ्यात आमच्या चारी शेळ्या उभ्या होत्या. कासा तटतटलेल्या, दूध आपसूक ठिबकत होतं. आप्पा तोंड उघडणार, तेवढ्यात मीच पुढं झाले. "चाचा, पट्टे मी ओढलेत. चूक माझी हाय."

चाचा खाली वाकले, कास बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. "तुझी कशाची, पोरी? जल्म गेला माझा ह्या धंद्यात. खुणंकडं बघितलं, कासंकडं बघितलंच न्हाई! दुधाची शेळी उचलली म्या, तोबा तोबा!" मग त्यांनी विचारलं, "पर तू पट्टे कशाला वडलंस गं?"

झालं! मी सुटलेच. लेंड्यांत उभी राहून हातवारे करत शेळ्या, करडं, वर्तमान, भूत, सगळं सांगितलं. एक शेळी धरून फ्रेंचमधलं आख्खं वाक्य म्हणून दाखवलं. चाचा पोट धरून हसले. "लई भारी! आन् दोन पट्ट्याचं काय?" तेही सांगितलं. आप्पा मात्र हसले नाहीत. माझ्याकडं एकटक बघत होते. संपलं आता, असं मला वाटलं.

शेळ्या हाकत आम्ही पायी निघालो. पिरंगुट मागं पडलं, चढण लागली, तेव्हा आप्पा म्हणाले, "उद्या पयल्या गाडीनं जा. करडं म्या सोडतो."

मला खरंच वाटेना. "म्हंजे कालेज..."

"जा म्हन्लं न्हवं!" थोडं चालून त्यांनी विचारलं, "ते जे झालंच न्हाई, ते कसं सांगत्यात गं त्येंच्यात? म्हंजे, म्या साळंत गेलो असतो तर, असलं?"

हाच धडा उद्याच्या परीक्षेला होता! मी पहिला तुकडा फ्रेंचमध्ये म्हणून दाखवला आणि हुरळून म्हणाले, "पण आप्पा, ह्याला जोड लागती. दुसरा तुकडा तुमी सांगा, मी फ्रेंच करते. साळंत गेला असता, तर काय झालं असतं?"

आप्पांनी मागं राहिलेल्या शेळीला हाळी दिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर तू काय शिकतीस, ते तुला म्या कवाच इचारलं असतं."